ज्याचं वल्हं, त्याचा काठ

"ही होडी नाय," भागा म्हणाला, "ही वालाची शेंग हाय. आणि आपण तिच्यातले दाणे."

वाळूवर दोन कयाक पालथ्या पडल्या होत्या, एक पिवळी आणि एक लाल. भागाने पिवळीच्या पोटावर टिचकी मारली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. पोशाने मात्र लाल कयाकभोवती एक फेरी घातली, वाकून तिचा तळ चाचपला आणि हात विजारीला पुसत मला म्हणाला, "कणाच नाय हिला. लगेच फिरेल."

आम्ही तिघं बरोबरीचे, पन्नाशीच्या आसपासचे. नक्की वय कोणालाच माहीत नव्हतं. भागा मासे धरायचा. मी आणि पोशा तरीवाले, होडीने माणसं उतरवणारे. नदीच्या एका अंगाला माझं पाथरशेत, दुसऱ्या अंगाला पोशाचं उंबरकोंड, मधे डोह. माझी एक होडी, त्याची एक. काठावरून हाक आली की निघायचं. हाक आल्याशिवाय रिकामी होडी पलीकडे न्यायची नाही, हा आमचा नेम होता.

पावसाळ्यात पाणी चढलं की एकट्याला होडी आवरत नसे. मग दोघं एकाच होडीत. एकाने मागे वल्हं धरायचं, दुसऱ्याने पुढे बांबू घेऊन उभं राहायचं आणि धार बघून दिशा सांगायची. पहिल्याच वर्षी आमची फजिती झाली. पोशा पुढून ओरडला, "अलीकडे घे." माझं अलीकडे म्हणजे पाथरशेत, त्याचं अलीकडे म्हणजे उंबरकोंड. मी होडी माझ्या काठाला वळवली आणि एक अख्खं वऱ्हाड करंजाच्या जाळीत नेऊन घातलं. नवरीच्या मामाने आम्हाला दिलेल्या शिव्या भागा पुढे कितीतरी वर्षं तोंडपाठ म्हणून दाखवायचा. त्या दिवशी होडी बांधताना पोशाने कायदा केला. ज्याच्या हातात वल्हं, त्याचा काठ. मी मागे असलो तर पाथरशेत अलीकडे आणि उंबरकोंड पलीकडे, मग सांगणारा कुठलाही असो. तो मागे असला तर उलट. त्यानंतर वीस पावसाळे आम्ही माणसं उतरवली. बाळंतिणी, गुरं, एकदा तर घोडा. चूक झाली नाही.

मग पूल झाला. पुलाला नावं ठेवत नाही. आजारी माणूस रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचायला लागला. पण हाका बंद झाल्या. माझी होडी काठावर पालथी पडून कुजली. पोशाने त्याच्या होडीच्या फळ्या गोठ्याला लावल्या. दिवाळी झाली की आम्ही दोघं बायकामाणसांसह वीटभट्टीवर जायचो आणि पावसाच्या तोंडावर परत यायचो. चार वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी माझी बायको जानी खोकत परत आली. पावसाळा सरला तरी तिचा खोकला सरला नाही.

त्याच सुमाराला पुण्याहून केतकीबाई आल्या. वय असेल तिशीचं, उन्हाने रापलेल्या, आवाज मोठा. डोंगरावरच्या वीजघरातून रोज सकाळी पाणी सुटतं आणि नदी दोन-तीन तास भरून वाहते. त्या पाण्यावर शहरातल्या लोकांना कयाकमधून न्यायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी त्यांना नदी जाणणारा एक माणूस हवा होता. पावसाळा सोडून वर्षभर काम. भट्टीवर जायची गरज नाही. माणूस एकच घेणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. निवडण्यापूर्वी एकदा त्या आम्हाला घेऊन चार मैल खाली जाणार होत्या.

भागाला काम नको होतं. फुकटात शेंगेत बसायला मिळतंय म्हणून तो आला होता. राहिलो मी आणि पोशा. मुलाच्या लग्नात शिवलेला सदरा पोशाने त्या सकाळी घातला होता. दाढी केली होती. भट्टीवर विटा वाहून त्याचा डावा गुडघा गेला होता, पण बाईंच्या समोर तो लंगडत नव्हता. नदीवर तो माझ्यापेक्षा सरस. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, दोन्ही गावांना माहीत होतं.

पुलावरून येताना मी त्याला म्हटलं होतं, "यंदा जानीला भट्टीवर नेली तर ती परत यायची नाय."

त्याने वाकून खाली पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बघू. नदी काय म्हणते ते."

बाईंनी आम्हाला लाइफ जॅकेट घालायला दिली. भागाच्या पोटावर जॅकेटचा पट्टा बसेना, तेव्हा त्याने श्वास आत ओढून धरला आणि बाईंना सांगितलं की आता खाली पोचेपर्यंत तो बोलणार नाही. दहा पावलंही तो गप्प राहिला नाही. बाईंनी वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. मग बजावलं, की नदीवर तोंड नेहमी खालच्या अंगाला, आणि शब्द दोनच, डावीकडे आणि उजवीकडे. दुसरं काही बोलायचं नाही. आम्ही माना हलवल्या.

बाई आणि भागा पिवळीत बसले. लाल आमची. मी सवयीने पुढे जायला लागलो, तर पोशाने माझ्या दंडाला धरून मला मागे ढकललं.

"तू मागे बस," तो म्हणाला. "आज काठ तुझा."

मागे बसणारा कयाक वळवतो. बाई बघणार होत्या त्या त्यालाच. मला वाटलं, गुडघा दुखतोय म्हणून त्याला मागच्या अरुंद जागेत बसायचं नसेल.

पाणी आलं ते आधी ऐकू आलं. वरच्या वळणावर दगडांत कुजबुज झाली, मग वाळूवरची ओली रेघ वर सरकली, आणि बघता बघता आमच्या पायाखालची शेंग आपोआप तरंगायला लागली. आम्ही निघालो. जन्मभर नदी मी उभ्याने बघितली होती. इथे पाणी छातीशी, आणि मला समोर दिसत होती फक्त पोशाची पाठ. पण पहिल्या खळाळातून खाली उतरलो, थंड पाणी तोंडावर आलं आणि पोशा मोठ्याने हसला. तसा हसताना मी त्याला पूल झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

दोन्ही अंगांना डोंगर होते. ऐनाची झाडं अजून हिरवीगार होती. एक धीवर पक्षी आमच्या पुढे पुढे उडत होता, बसायचा आणि आम्ही जवळ आलो की पुन्हा उडायचा. पोशाने मान न वळवता मला एकेक जागा दाखवली. इथे सावळ्याचा रेडा वाहून गेला होता. इथे आपण पोहायला शिकलो. या कपारीत भागाचा मरळ निसटला. ते भागाने मागून ऐकलं आणि तो मरळ नव्हता, मगर होती, असं शपथेवर सांगितलं.

पुलाखाली आलो. आमची तरीची होडी पूर्वी तिथेच लागायची. आमच्या दोरांनी घासून खाच पडलेला दगड अजून होता. पोशाने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मीही ठेवलं. शेंग आपली आपण वाहत होती. आणि मग कोणी आधी ते मला आजही सांगता येणार नाही, पण आम्ही दोघांनी एकदमच तरीची हाक दिली.

"होऽऽ तऽऽर!"

पुलाच्या कमानीने ती हाक परत दिली. काठावर धुणं धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हातारी, उंबरकोंडची, हात कमरेवर ठेवून म्हणाली, "मेल्यांनो, इतकी वर्षं कुठे होतात? मी केव्हाची उभी हाय."

भागा तर हसून हसून कयाकमधून पडायचाच राहिला. बाईंना काही कळलं नाही, पण त्याही हसत होत्या. त्या घटकेला काम, भट्टी, काही माझ्या ध्यानात नव्हतं. तसं सुख मला पुन्हा फार थोड्या वेळा मिळालं.

पुलाच्या खाली अर्ध्या मैलावर नदीच्या मधोमध एक मोठा काळा खडक आहे. त्याला आम्ही म्हैस म्हणतो. तिच्या दोन्ही अंगांनी पाणी जातं. उन्हाळ्यात आम्ही बहुतेक डाव्या अंगाने, म्हणजे पाथरशेतच्या काठाने जायचो. पण त्या पावसाळ्यात एक जांभळीचं झाड वाहत येऊन डाव्या धारेत आडवं अडकलं होतं. वरून पाणी सुटल्यावर ते बुडालेलं होतं. मला मागून ते दिसलं नाही. पोशाला पुढून दिसलं.

पाण्याचा आवाज मोठा होता. पोशा मागे न बघता ओरडला, "पलीकडे! धाकू, पलीकडे!"

मी डावीकडे वळवली.

पुढचं सगळं चार-पाच श्वासांत झालं. कयाकचं नाक फांदीत शिरलं, मागचा भाग म्हशीवर आदळला आणि आम्ही उलटे झालो. पाण्याखाली माझ्या हाताला फांद्या लागत होत्या. मग जॅकेटने मला वर ओढलं. मी खोकत वर आलो तेव्हा पोशा एका हाताने फांदीला धरून होता आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर पकडून होता. बाईंनी दोर फेकला. भागाने त्यांच्या मागे राहून पिवळी कयाक धारेत कशी धरून ठेवली, ते तोच जाणे. तोपर्यंत त्याने ते वल्हं नीट हातात धरलेलंही नव्हतं.

आम्ही पाथरशेतच्या बाजूच्या खडकांवर बसलो. पोशाचा डावा गुडघा फुटला होता. लग्नातला सदरा खांद्यापासून फाटून पोटावर लोंबत होता. भागाने प्रथमच काही गंमत केली नाही.

केतकीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी दोघांची हाडं-डोकी तपासली आणि मग विचारलं, "दिशा कोणी सांगितली?"

"मी," पोशा म्हणाला.

"काय सांगितलंत?"

"पलीकडे म्हटलं."

"पोशामामा, मी सकाळीच बजावलं होतं ना? पलीकडे म्हणजे कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

पोशाने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या सदऱ्याचं टोक पिळत होतो. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं, तरी पिळत होतो.

"डावीकडे," पोशा म्हणाला. "चुकलंच माझं. झाड ध्यानात नाय आलं."

पोशाचा गुडघा बाईंनी स्वतः धुतला आणि पट्टी बांधली. संध्याकाळी त्यांनी मला सोमवारपासून यायला सांगितलं.

त्या वर्षी जानी भट्टीवर गेली नाही. थंडीभर ती उन्हात बसली, औषध घेतलं, होळीच्या सुमारास तिचा खोकला गेला. पोशा त्या वर्षी भट्टीवर गेला. पुढच्या वर्षीही. त्यानंतरही चार वर्षं.

आमचं भांडण झालं नाही. बाजारात भेटला की तो थांबायचा, जानीची विचारपूस करायचा, माझ्या हातावर तंबाखू ठेवायचा. पण आमच्याकडे यायचा बंद झाला. पूर्वी आठवड्यातून दोनदा तरी तो माझ्या ओट्यावर असायचा. पूल होता, वाट होती, पण माझ्या नातीच्या बारशालाही तो आला नाही. मुलाबरोबर नारळ पाठवला. जानी विचारायची, पोशाभावजींना काय झालं? मी म्हणायचो, गुडघा.

कामावर मला एक वही ठेवावी लागे. रोज सकाळी खुणेच्या दगडावर पाणी कुठवर आलं आणि नदीत नवं काही अडकलं का, ते तिच्यात लिहायचं. आधी मी सांगायचो आणि बाई लिहायच्या. मग त्या म्हणाल्या, मामा, तुमची नदी तुम्हीच लिहा. शिकवलंही त्यांनीच. दुपारी गिऱ्हाईक गेलं की त्या ओल्या वाळूवर काठीने अक्षर काढायच्या, मी ते गिरवायचो. 'पाणी' लिहायला मला आठ दिवस लागले. तीन वर्षांनी मी सगळं वाचायला लागलो, हळूहळू, बोट ठेवून.

एका पावसाळ्यात, काम बंद असताना, छपरातून पाणी गळून जुन्या वह्यांची पेटी भिजली. मी वह्या वाळत घातल्या. सगळ्यांत खालची वही पहिल्या वर्षाची, बाईंच्या अक्षरातली. वाळवता वाळवता मी ती वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर तो दिवस होता.

'लाल कयाक म्हशीच्या खडकावर उलटली. पोशा हिलम यांनी चुकीची दिशा सांगितली. त्यांना नदीवर घेऊ नये.'

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. एकेक अक्षर सुटं करून वाचलं. दुसरा काही अर्थ निघतो का ते बघितलं.

वल्हं माझ्या हातात होतं. काठ माझा होता. त्यामुळे पाथरशेत अलीकडे आणि उंबरकोंड पलीकडे. पोशाने पलीकडे म्हटलं ते उंबरकोंड, उजवी धार, मोकळी धार. जीव धोक्यात असतानाही तो कायद्याने बोलला होता. आणि मी मात्र ऐन वेळी धरून चाललो की हा उंबरकोंडचा माणूस, म्हणजे याचं पलीकडे ते पाथरशेत. पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हाच मला हे कळलं होतं. खडकावर सदरा पिळत बसलो होतो तेव्हा तर पुरतं ठाऊक होतं.

मी त्या पानाखाली माझ्या अक्षरात लिहिलं. तीन ओळी लिहायला तासभर गेला. मग ती वही बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी वाचलं. वही मिटून त्या एवढंच म्हणाल्या, "नऊ वर्षं, धाकूमामा?"

मी म्हटलं, "वही दोन तास देता का? आणि लाल शेंग."

पुलावरून गेलो असतो तर दहा मिनिटांची वाट. पण मला तसं जायचं नव्हतं. पाऊस थांबला होता, डोहाचं पाणी निवळत आलं होतं. मी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पोटाशी धरली, डोहाच्या मध्यापर्यंत वल्हवत गेलो आणि उंबरकोंडच्या काठाकडे तोंड करून हाक दिली.

"होऽऽ तऽऽर!"

दोनदा दिली. तिसऱ्यांदा द्यायच्या आधी तो काठी टेकत उतारावरून आला. केस सगळे पांढरे झाले होते. गोठ्यातून आला असावा, हाताला शेण होतं. मी शेंग काठाला लावली. त्याने हात धुतले आणि खाचेच्या दगडावर बसला.

"काय आणलंस?" त्याने पिशवीकडे बघून विचारलं.

"वही. वाचतो. ऐक."

आधी बाईंचं वाचलं. नंतर माझं वाचलं. 'पोशाने दिशा बरोबर सांगितली होती. वल्हं माझ्या हातात होतं. चूक माझी होती. धाकू मुकणे.' 'चूक माझी'शी मी थांबलो होतो, तर त्याला वाटलं अक्षर अडलं.

"सावकाश वाच," तो म्हणाला. "घाई नाय."

वाचून झालं. त्याने कमरेची चंची काढली, पान लावलं, अर्धं मला दिलं.

"नऊ वर्षं लागली म्हणजे," तो म्हणाला. "मला वाटलं, पहिलीतच नापास झालास."

मी हसायला गेलो, पण जमलं नाही. मग विचारलंच, "त्या दिवशी तू कशाला बोललास रे?"

"बाई विचारत होती. तू गप्प होतास. कोणीतरी बोलायला हवं का नको?" त्याने चंची बांधली. "जानी बरी हाय ना?"

"बरी हाय. तू घरी का नाय आलास कधी?"

"तू हाक कुठे मारलीस?" तो म्हणाला. "मी तरीवाला. हाक आल्याशिवाय कधी पलीकडे गेलोय का?"

पाणी खाचेच्या दगडाला चाटून जात होतं. तो त्या लाल शेंगेकडे बघत होता. तिच्या कडेला म्हशीवर आदळल्याची पांढरी चीर अजून होती. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं. मग काठी दगडाला टेकून ठेवली आणि वाकडा पाय आधी आत टाकून पुढच्या जागेत बसला.

"जरा फिरव," म्हणाला.

मी मागे बसलो. आम्ही निघालो. पुढे त्याची पाठ होती, पूर्वीपेक्षा अरुंद झालेली. डोहाच्या मधोमध आलो. एका अंगाला त्याचा गोठा, त्याला लावलेल्या होडीच्या फळ्या, दुसऱ्या अंगाला माझं घर. पुलावरून एक एसटी गेली.

"अलीकडे घे," पोशा म्हणाला.

मी वल्हं वर उचलून धरलं. त्यावरचं पाणी मांडीवर ठिबकत होतं. एकदा चुकलेला माणूस मी. म्हटलं, विचारून घ्यावं.

"कुठे म्हणालास?"

त्याने मान वळवली नाही.

"वल्हं कुणाच्या हातात हाय?"

मी शेंग पाथरशेतकडे वळवली. काठावर जानी राखेने भांडी घासत होती. कपाळाला हात लावून तिने आधी मला बघितलं, मग पुढे कोण बसलंय ते बघितलं. हातातलं पातेलं तसंच राखेचं घेऊन ती उठली आणि चुलीकडे धावली.